भूक कोण ठरवते? मेंदूतील नियमन आणि आहाराच्या मोजमापाचा एक जुना वाद

येरळा नदी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते, अवर्षणाच्या पट्ट्यातून दक्षिणेकडे वाहत सांगली जिल्ह्यात शिरते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. नदीच्या वरच्या अंगाला पावसाच्या भरवशावरची ज्वारी-बाजरी आणि पुन्हा पुन्हा पडणारा दुष्काळ, तर खालच्या अंगाला, पलूस, कुंडल, भिलवडी या परिसरात ऊस, द्राक्षे, दुधाचा मोठा व्यवसाय आणि साखर कारखाना, अशी अन्नाची दोन अगदी निराळी जगे या एका खोऱ्यात सामावलेली आहेत. दोन्हीकडच्या माणसांच्या मेंदूतील भुकेची यंत्रणा मात्र एकच आहे, आणि ती प्रामुख्याने वरच्या अंगाच्या परिस्थितीसाठी घडलेली आहे, असे गेल्या शंभर वर्षांच्या संशोधनावरून म्हणता येते. खटाव तालुक्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी याच यंत्रणेच्या संदर्भात एक प्रश्न जगापुढे मांडला होता: शरीर जर आपली ऊर्जेची गरज स्वतः सांभाळून घेत असेल, तर अमुक कॅलरींखाली जेवणारा माणूस उपाशी आहे असे कोणत्या आधारावर म्हणायचे? या प्रश्नाचे उत्तर संख्याशास्त्राइतकेच मेंदूविज्ञानातही शोधावे लागते.

नियमन होते ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. दिवसाला सरासरी २,३०० कॅलरी घेणारी प्रौढ व्यक्ती वर्षाकाठी ८ लाखांहून अधिक कॅलरी खाते. तरीही अनेकांचे वजन वर्षभरात किलो-दीड किलोपेक्षा जास्त हलत नाही, आणि एक किलो मेदात साधारण ७,००० ते ८,००० कॅलरी साठतात हे ध्यानात घेतले, तर घेतलेल्या आणि खर्चलेल्या ऊर्जेतील तफावत एक-दीड टक्क्याच्या आसपास राहते असा हिशेब निघतो. कोणीही मोजूनमापून जेवत नसताना एवढा काटेकोर मेळ बसतो, याचा अर्थ हिशेब ठेवणारी काही व्यवस्था शरीरात असली पाहिजे.

ही व्यवस्था पोटात आहे, असा प्रारंभी समज होता. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१२ मध्ये जठराचे आकुंचन आणि भुकेची जाणीव एकाच वेळी होतात असे दाखवले आणि भूक म्हणजे रिकाम्या जठराची कळ हा विचार रूढ झाला. परंतु जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते, हे पुढे दिसून आले. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या, टाळूच्या पातळीच्या वर मेंदूच्या तळाशी असलेल्या, बदामाएवढ्या भागाच्या मध्यावर इजा केली, तेव्हा ते उंदीर अतोनात लठ्ठ झाले. यानंतरचे निर्णायक पाऊल एका भारतीयाचे आहे. बालकृष्ण आनंद यांनी येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासह केलेल्या आणि १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हायपोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंकडील बारीकसा भाग निकामी केला, आणि समोर अन्न असतानाही प्राणी खायचे थांबून उपासमारीने मरू लागले. आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले, आणि बाजूला ‘भूक केंद्र’ व मध्ये ‘तृप्ती केंद्र’ अशी मांडणी अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. ती पुढे अपुरी ठरली, कारण बाजूच्या भागाला इजा करताना तेथून जाणारे डोपामिनचे चेतातंतूही तुटत होते आणि प्राण्याची खाण्याचीच नव्हे, तर हालचाल करण्याचीही प्रेरणा मावळत होती. असे असले तरी भुकेचा शोध पोटातून मेंदूत नेण्याचे श्रेय या प्रयोगांना द्यावेच लागते, आणि मराठी पाठ्यपुस्तकांत आनंद यांचे नाव क्वचितच आढळावे ही खेदाची गोष्ट आहे.

मेंदूला शरीराची खबर मिळते ती दोन प्रकारच्या निरोपांनी. पहिला प्रकार चालू जेवणाचा: अन्नाने जठर ताणले गेले की व्हेगस ही लांब चेता, म्हणजे छाती-पोटातील अवयवांना मेंदूच्या बुंध्याशी जोडणारा तंतूंचा जुडगा, तो ताण वर कळवते, अन्न लहान आतड्यात उतरले की तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके सोडतात, आणि मेंदूच्या बुंध्यातील पेशीसमूह हे सारे निरोप एकत्र करून जेवण आवरते घेण्याचा इशारा देतात. उलट दिशेचे संप्रेरक म्हणजे घ्रेलिन. ते रिकाम्या जठरातून स्रवते, नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी रक्तात वाढते, आणि त्याचा शोध जपानमधील कोजिमा व कांगावा यांनी १९९९ मध्ये लावला.

दुसरा प्रकार साठ्याचा, आणि या लेखाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. डग्लस कोलमन यांनी १९६० व १९७० च्या दशकांत जन्मजात लठ्ठ उंदीर आणि निरोगी उंदीर यांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडून असा निष्कर्ष काढला की, लठ्ठ उंदरांच्या एका वंशात तृप्ती कळवणारा रक्तातील कुठला तरी पदार्थच तयार होत नाही, तर दुसऱ्या वंशात तो पदार्थ भरपूर असूनही ओळखला जात नाही. हा पदार्थ म्हणजे मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक, आणि त्याचे जनुक जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये शोधले. साठा जास्त तर लेप्टिन जास्त, साठा आटला की लेप्टिनही आटते. १९९७ मध्ये ब्रिटनमधील पाकिस्तानी वंशाच्या दोन चुलत भावंडांत लेप्टिन जन्मतःच नसल्याचे आढळले. त्यांतील मोठ्या मुलीचे वजन आठव्या वर्षी ८६ किलो होते, तिची भूक कशानेच भागत नव्हती, आणि लेप्टिनची इंजेक्शने सुरू होताच ती आटोक्यात आली. ज्या वागण्याला घरी-दारी हावरेपणा म्हटले गेले असते ते एका रेणूच्या अभावाचे लक्षण होते, आणि भुकेबद्दल नैतिक निवाडा देण्याची घाई किती चुकीची आहे हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा पुरावा क्वचितच सापडेल.

हे निरोप जेथे एकवटतात ती जागा म्हणजे हायपोथॅलॅमसमधील आर्क्युएट नावाचा पेशीपुंज. तेथे परस्परविरोधी काम करणाऱ्या चेतापेशींचे दोन समूह शेजारी-शेजारी असतात. पहिला समूह एजीआरपी आणि एनपीवाय ही रसायने सोडून भूक पेटवतो. दुसरा पीओएमसी या प्रथिनापासून बनणाऱ्या रसायनाद्वारे एमसी४आर या ग्राहकाला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चेतवून भूक शमवतो. लेप्टिन पहिल्या समूहाला दाबते आणि दुसऱ्याला उठवते, तर घ्रेलिन पहिल्याला उठवते. प्रौढ उंदरांमधील एजीआरपी पेशी नष्ट केल्या तर ते खाणे सोडून मरतात, असे २००५ मध्ये दिसले, आणि याच पेशी प्रकाशाने कृत्रिमरीत्या चेतवल्या तर पोट भरलेला उंदीरही काही मिनिटांत अधाशासारखा खाऊ लागतो, असे २०११ मध्ये दिसले. नवजात उंदरांत त्याच पेशी नष्ट केल्या असता मात्र मेंदू दुसरी वाट काढतो आणि पिल्लू जगते. ही बाब पुढे येणाऱ्या गर्भावस्थेच्या चर्चेत महत्त्वाची आहे.

२०१५ मध्ये झॅकरी नाइट यांच्या प्रयोगशाळेने आणखी एक अनपेक्षित गोष्ट नोंदवली. भुकेल्या उंदराला अन्न नुसते दिसले किंवा त्याचा वास आला, तरी एजीआरपी पेशी काही सेकंदांत शांत होऊ लागतात, पहिला घास पोटात जाण्याच्याही आधी. ते अन्न खायला मिळाले नाही तर त्या पुन्हा सक्रिय होतात. याचा अर्थ मेंदू शरीराची कमतरता केवळ नोंदवत नाही, तर पुढे काय मिळणार याचा अंदाज बांधून भूक आधीच ठरवतो. जेवणाची ठरलेली वेळ, ओळखीचे अन्न, चुलीवरच्या भाकरीचा वास यांचे भुकेवरील वर्चस्व हे निव्वळ सवयीचे नसून या अंदाजाचे आहे.

या साऱ्या यंत्रणेचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य म्हणजे तिचा एकतर्फीपणा. लेप्टिनकडे प्रथम लठ्ठपणा रोखणारे संप्रेरक म्हणून पाहिले गेले आणि त्यापासून मोठ्या आशा बाळगल्या गेल्या. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन मुळातच जास्त असते आणि मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. उलट उपवासात मेद फारसा घटण्याआधीच, एक-दोन दिवसांत, लेप्टिन झपाट्याने उतरते, आणि त्यासरशी भूक वाढते, चयापचय मंदावतो, थायरॉइडचे व प्रजननाचे संप्रेरक घटतात. उपाशी उंदरांना बाहेरून लेप्टिन दिले असता हे बदल बऱ्याच अंशी टळतात, असे १९९६ मध्ये दाखवण्यात आले. म्हणजे लेप्टिनचे मुख्य काम ‘साठा पुरेसा झाला’ हे सांगण्याचे नसून ‘साठा संपत आला’ हे सांगण्याचे दिसते. कमतरतेचा इशारा मोठा आणि निर्विवाद असतो, सुबत्तेचा इशारा क्षीण असतो.

कमतरतेचा हा इशारा माणसात काय करतो याची सर्वांत तपशीलवार नोंद अँसेल कीज यांनी १९४४–४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात केली. युद्धात लढण्यास नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने २४ आठवडे दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींवर काढले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले, चयापचय मंद झाला, थंडी सोसेना, आपसूक होणारी हालचाल कमी झाली; त्याहून बोलका भाग मनाचा होता, कारण अन्नाखेरीज दुसरा विषय त्यांना सुचेना, काहींनी पाककृती जमवायला सुरुवात केली, आणि पोटभर अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही अनेकांची भूक दीर्घकाळ भागेना.

या १,५७० कॅलरींच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा ठेवला पाहिजे. १८७६–७८ च्या दुष्काळात, ज्याची झळ साताऱ्याच्या पूर्व भागालाही बसली होती, ब्रिटिश प्रशासक सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि अगदी थोडी रोकड एवढ्यावर आणली. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्यातून १,५५० ते १,६५० कॅलरी मिळतात. मिनेसोटातील तरुणांना जवळपास तेवढ्याच मिळत होत्या, पण त्यांना खडी फोडायची नव्हती. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली, आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे सातत्याने मांडली. तेव्हा लेप्टिन कोणाला ठाऊक नव्हते, पण मजुरांचा निर्णय शरीरशास्त्राच्या दृष्टीने अचूक होता.

या पार्श्वभूमीवर सुखात्मे यांचा वाद समजून घेणे आवश्यक ठरते. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दरदिवशी २,२५० कॅलरी पुरवू शकेल एवढा खर्च ही किमान पातळी धरून, १९६०–६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक त्याखाली आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे दीर्घकाळ प्रमुख होते आणि पुण्यात परतल्यावर महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत काम करत होते. त्यांचा आक्षेप मूलगामी होता. गरजेची सरासरी ही सीमारेषा मानली तर सरासरीच्या खालचे निरोगी लोकही उपाशी मोजले जातात. शिवाय एकाच माणसाचा आहार आठवड्यागणिक बदलतो, आणि एका काळातील बदल पुढच्या काळातील बदलाशी जोडलेला असतो, म्हणजे शरीर ऊर्जेच्या वापराची कार्यक्षमता कमी-जास्त करून स्वतःला सावरते. यावरून सरासरी गरजेच्या सुमारे ३० टक्के खालपर्यंतचा आहार हा या स्वयंनियमनाच्या मर्यादेत बसू शकतो, अशी मांडणी त्यांनी अमेरिकी पोषणतज्ज्ञ शेल्डन मार्गेन यांच्यासह केली आणि ती सुखात्मे–मार्गेन सिद्धान्त या नावाने ओळखली जाऊ लागली.

दांडेकर, आहारतज्ज्ञ सी. गोपालन आणि इतर अनेकांनी या मांडणीला उत्तरे दिली. कमी आहार घेणारे लोक यदृच्छेने विखुरलेले नसतात, ते बहुतांशी गरीबच असतात, आणि हाती पैसा आला की ते अधिक खातात; मग त्यांचा कमी आहार हा शरीराने निवडलेला समतोल कसा मानायचा? अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी १९८२ च्या सुमारास ‘लहान पण निरोगी’ अशी संकल्पना पुढे आणली, तेव्हा गोपालन यांनी विचारले की, गरिबांच्या मुलांचे खुजेपण जर निरोगी असेल, तर श्रीमंतांना ते आपल्या मुलांसाठी का चालत नाही.

आजच्या मेंदूविज्ञानातून या वादाकडे पाहिले तर सुखात्म्यांचा अर्धा भाग टिकतो आणि अर्धा टिकत नाही. ऊर्जेचे स्वयंनियमन आहे, ते मेंदू करतो आणि व्यक्तिगणिक गरज बदलते, हे त्यांनी लेप्टिनच्या शोधापूर्वी केवळ आकड्यांवरून ताडले, ही असामान्य गोष्ट आहे. दारिद्र्याची सीमारेषा आणि कुपोषणाची सीमारेषा एकच नव्हेत, हा त्यांचा इशाराही रास्त होता, आणि स्वच्छ पाणी व जंतुसंसर्ग यांकडे त्यांनी वळवलेले लक्ष पुढील संशोधनाने सार्थ ठरवले. पण नियमन फुकट होते हा त्यातील गर्भित अर्थ मान्य करता येत नाही. कमी अन्नात भागवताना शरीर प्रथम हालचाल छाटते, नंतर उष्णता, वाढ, प्रजनन, आणि या सर्व काळात एजीआरपी पेशी भुकेचा आवाज चालूच ठेवतात. जुळवून घेणे आणि पुरेसे मिळणे यांत जे अंतर आहे ते कॅलरींच्या तक्त्यात दिसत नाही, पण भुकेल्या माणसाला ते दिवसभर जाणवते.

हे अंतर पलूसच्या शिवारात दर हंगामात पाहायला मिळते. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन येतात, नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणून मोजले जाते, आणि मजुरी टनावर मिळते. शरीराकडे ऊर्जा वाचवण्याचा जो पहिला मार्ग असतो, म्हणजे कमी हलणे, तोच टनावरच्या मजुरीने बंद होतो. उरतो तो शरीराचे वजन खर्ची घालण्याचा किंवा पुढच्या पिढीच्या वाढीत काटकसर करण्याचा मार्ग.

पुढच्या पिढीतील ही काटकसर पुण्याजवळच्या सहा गावांत मोजली गेली आहे. केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या माता-पोषण अभ्यासात मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि बाळांचे सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. ही बाळे सर्वच बाबतींत सारखी लहान नव्हती: स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, पण त्वचेखालचा मेद त्या मानाने राखलेला होता. नाळेच्या रक्तात लेप्टिन, वजन इतके कमी असूनही, गोऱ्या बाळांच्या जवळपास तेवढेच आणि इन्सुलिन जास्त आढळले. अन्नाची टंचाई असताना गर्भाने साठा वाचवला आणि स्नायू खर्ची घातले, असा याचा सरळ अर्थ होतो. आघारकर संशोधन संस्था हे नाव धारण केलेल्या, सुखात्म्यांच्या त्याच संस्थेतील शोभा राव या संशोधनात सहभागी होत्या. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती, हा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष केवळ कॅलरी मोजण्याच्या सवयीला दिलेला धक्का होता. उंदरांच्या पिल्लांत जन्मानंतरच्या काळात लेप्टिन आर्क्युएटमधून निघणाऱ्या तंतूंची जडणघडण घडवते, असे २००४ मध्ये सिद्ध झाले आहे. तेव्हा गर्भातील आणि बाल्यातील पोषण भुकेच्या मेंदूतील मांडणीवरच ठसा उमटवते, ही शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते.

असे शरीर प्रौढपणी सुबत्तेत आले की काय होते, हे याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःची छायाचित्रे छापून दाखवले: दोघांचाही शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होता. सडपातळ दिसणाऱ्या मराठी शेतकऱ्याला चाळिशीत मधुमेह का होतो, याचे उत्तर या आकड्यांत दडलेले आहे.

सुबत्तेच्या बाजूला मेंदूचे संरक्षण दुबळे असते, हे केविन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगाने ठसवले. २० व्यक्तींना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले गेले, दोन्हींत साखर, मेद, तंतू यांचे प्रमाण सारखे ठेवले गेले, तरीही अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. बिस्किटे आणि वेफर्सची पाकिटे आता येरळेच्या दोन्ही टोकांना, लहान वाड्या-वस्त्यांवरच्या दुकानांतही लटकलेली असतात.

जीएलपी-१ या आतड्यातील संप्रेरकाची नक्कल करणारी औषधे या दुबळ्या बाजूला बाहेरून बळ देतात. नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात काही मिनिटेच टिकते, तर सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा टोचले तरी पुरते. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्के घटले, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचे दोन तृतीयांश परत आले, कारण मेंदू जुना साठा राखण्याचे काम सोडत नाही. भारतात हे औषध वजन घटवण्यासाठी २०२५ पासून विकले जाते. परदेशी चाचण्यांत ते देण्याची पातळी शरीरभार निर्देशांक ३० किंवा सहव्याधी असल्यास २७ अशी होती, तर भारतीय तज्ज्ञांनी जादा वजनाची सुरुवात २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर ठरवली आहे, आणि २२.३ वर २१ टक्के मेद बाळगणारे शरीर या दोन्ही रेषांच्या खाली राहते, म्हणून पुण्यात आणि सांगलीत वजनकाट्याच्या जोडीला कंबरेचा घेर, जन्मवजन आणि आईच्या आहाराचा इतिहास विचारणाऱ्या दवाखान्यांची गरज औषधाच्या उपलब्धतेपेक्षा कितीतरी अधिक निकडीची आहे.